दुधाळ झालेली टाकी

सुलभाकाकूंनी सांभाळून घेतलं, म्हणून मी आज भिलाईत आहे. आठवीत शाळा सोडलेली मी वेंगुर्ल्याहून इतक्या लांब आले आणि स्मृति नगरातल्या त्यांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात नुकतीच कामाला लागले होते.

आजही टाकीसाठी समुद्री मिठाची पिशवी फोडली, की त्या वासाबरोबर त्या पहिल्या दिवसांतली एक सकाळ आठवते. दुकान उघडलं, तर समुद्री अर्चिनांची टाकी ताकासारखी पांढरी झालेली. ते काटेरी गोळे काचेला चिकटून पाठीतून धुरासारखं काहीतरी सोडत होते. मला वाटलं, मेले सगळे, आता काकू मला परत धाडणार.

काकू आल्या, वाकून बघितलं आणि हसल्या. "कावून रडून राहिली? बीज सोडून राहिले ते. आता पोरं होतीन त्याइले."

"पण इथे समुद्र कुठाय, भरती-ओहोटी कुठाय काकू? यांना बीज सोडायची वेळ कळली कशी?"

त्यांनी टाकीवरचा निळा दिवा दाखवला. तो चंद्रासारखा कलेकलेने वाढतो आणि उतरतो. "घड्याळ त्याइच्या आतच असते. हा उजेड फक्त ते बरोबर लावून देते. चाल, डोळे पूस. आजपासून ही टाकी तुही."

तेव्हा मरण वाटलेला तो पांढरा रंग आता दिसला, की मला आनंद होतो. दिव्याच्या कला मीच लावते, आणि ते बीज कधी सोडतील याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही.

काकूंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. एखाद्या पौर्णिमेच्या ओहोटीला त्यांना आमच्या वेंगुर्ल्याच्या खडकांवर नेऊन तिथले अर्चिन मी दाखवणार आहे, हे नक्की.