दिनविशेषातली एक ओळ

दोन एप्रिलच्या दिनविशेषात भारतानं विश्वचषक जिंकल्याची ओळ दिसली, की मला फटाक्यांच्या धुराचा वास येतो. त्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ गेला होता. आमचं सुतक म्हणून साखरा गावातल्या आमच्या गल्लीनं टीव्हीचा आवाज बंद ठेवून अंतिम सामना पाहिला. शेवटचा षटकार गेला, तरी कुणी ओरडलं नाही. आई उंबऱ्यावरून उठली आणि भावानं आजारपणात सेनगावहून मागवून ठेवलेली फटाक्यांची माळ घेऊन शेजाऱ्यांकडे गेली. “गप काहून बसले बापहो? लावा.” “काकू, सुतक हाय ना.” “सुतक आमाला हाय, मॅचला न्हाई. त्यानं याच्यासाठीच आणली व्हती.” एकानं डोळे पुसत माळ लावली. शेवटचा फटाका वाजेपर्यंत आई तिथंच उभी राहिली. आता आईही नाही. दिनविशेषात त्या तारखेला अजून विजयाची तेवढी एकच ओळ असते.