नानांचं टाळ्यांचं गाणं

नानांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

नीरेच्या काठावर, दहाव्याला, सगळी भावकी उन्हात उभी. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले. निवांत.

नाना म्हणजे माझे चुलते. वालचंदनगरला कंपनीत लेथवर होते आणि सुटीच्या दिवशी अख्ख्या कॉलनीचे डीजे. तेव्हा डीजे हा शब्द आमच्याकडे आलेला नव्हता. लोक त्यांना टेपवाले नाना म्हणायचे.

त्यांना वेड एकाच गोष्टीचं. परदेशातली जुनी सोल आणि डिस्को गाणी.

इंग्रजी येत नव्हतं, म्हणून गाण्यांची बारशी त्यांनीच केली होती. एक "रडक्या बाईचं". एक "पिपाणीचं". आणि सगळ्यात लाडकं, "टाळ्यांचं".

कॉलनीच्या क्लबचा तो हॉल मला अजून अर्धवट झोपेत दिसतो.

जुन्या फुटबॉलवर आरशाचे तुकडे चिकटवून नानांनी एक गोळा केला होता. तो पंख्याच्या हुकाला टांगायचा. दिवा लागला की उजेडाचे ठिपके भिंतीवरून, साड्यांवरून, माझ्या फ्रॉकवरून हळूहळू फिरायचे. मी ते मुठीत धरायला बघायचे. मूठ उघडली की ठिपका तळहातावर असायचा, आणि मग निघून जायचा.

"रिकाम्या फ्लोअरवर कुणी येत न्हाय, पोरी," नाना सांगायचे. "आदी माणसाला बसल्या जागी हलवायचं. खुर्चीखाली बघ. पाय हलला का माणूस आपला."

म्हणून आधी रडक्या बाईचं. एकदम संथ. तिच्या आवाजाने हॉल गप्प व्हायचा. कुणाला एक शब्द कळायचा नाही आणि सगळ्यांना सगळं कळायचं.

मग पिपाणीचं. मग टाळ्यांचं लागेपर्यंत फ्लोअर फुल. साहेब, फिटर, शाळेतल्या बाई, सगळे एकाच घामात.

फक्त काकी नाही.

नानांची बायको, माझी काकी, भिंतीकडेच्या खुर्चीत पदर तोंडाला लावून बसलेली असायची. टाळ्यांचं सुरू झालं की नाना गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे जायचे आणि हात पुढे करायचे.

"मी न्हाय बाई. लोकं हसत्याल."

"मग कदी?"

"पुढच्या लग्नात."

पुढचं लग्न यायचं. नाना हात पुढे करायचे. काकी पुन्हा पुढच्या लग्नावर ढकलायची. आमची सगळ्यांची लग्नं झाली, मुलं झाली, नानांचे केस गेले. काकीचं पुढचं लग्न काही आलं नाही.

तर नदीवर.

कावळा शिवेना म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, असं आपल्याकडे धरतात. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो.

नानांचा मुलगा म्हणाला, "आईला सांबाळीन." कावळे हलले नाहीत.

नानांचे थोरले भाऊ, शेळगावचे आबा, म्हणाले, "तुजी मोटरसायकल इकू देनार न्हाय." तरी नाही.

मग मी पुढे झाले. मला वाटलं, ओळखलं मी नानांना. "नाना, तुमच्या कॅसेटी भंगारात जाणार नाहीत." कावळ्याने पंख खाजवला.

तेव्हा काकी उठली. पिंडाजवळ गेली. खालमानेनेच बोलली.

"ऋतुजाच्या हळदीत नाचीन मी. टाळ्यांच्यावर. या आता."

ऋतुजा म्हणजे तिची नात.

कावळा आला.

त्याला भूक लागली असेल, असं मी नवऱ्याला म्हणाले. म्हणताना मला रडू आवरत नव्हतं.

घरी जाताना आबा गाडीत म्हणाले, "येळ भागवायला बोलतंय मानूस. आता मांडवात नाचायला काय ती सवाशीण हाय?"

काकी शेजारीच बसली होती. खिडकीबाहेर बघत राहिली. मला आबांचा इतका राग आला की बारामती येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

लग्न वर्षाच्या आत उरकायचं म्हणून मागच्या महिन्यात पिंपळीला हळद झाली. सकाळीच काकीने सांगून टाकलं, "मी मागं बसते. हळदीला हात लावायला नगं मला."

मी मांडवाच्या खांबाला नानांचा तो गोळा बांधला. निम्मे आरसे गळालेत. पण ऊन आलं, आणि ठिपके निघाले.

डीजेवाल्याला पेनड्राइव्ह दिला. त्याने ऐकून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ताई, ह्याच्यावर कोन नाचनार?"

"तू लाव."

रडक्या बाईचं. बायका गप्प झाल्या. पिपाणीचं. मी आधी काकीच्या खुर्चीखाली पाहिलं.

पाय हलत होता.

टाळ्यांचं लागलं आणि काकी उठली. समोर कुणी नव्हतं, तरी तिने हात पुढे केला, कुणाच्या तरी हातात द्यावा तसा. आणि तशीच मांडवाच्या मधोमध आली.

त्या गाण्यातल्या टाळ्या फसव्या आहेत. मध्येच थांबतात, कुठे येतील सांगता येत नाही. आम्ही इतकी वर्षं नाचूनही चुकतो.

काकीची एक टाळी चुकली नाही.

भिंतीकडेच्या खुर्चीत बसून, पदराआड, तिने ते गाणं सगळं पाठ केलं होतं. नानांना हे कधीच कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग माझी आई उठली. तिच्याही कपाळाला कुंकू नाही. मग शेजारच्या दोघी. ऋतुजा हळदीच्या अंगाने येऊन आजीला बिलगली. ठिपके सगळ्यांवरून फिरत होते.

मी भीतभीत आबांकडे पाहिलं. चेहरा दगडासारखा.

खुर्चीखाली पाहिलं.

आज वर्ष झालं, नाना.

श्रद्धांजली वगैरे तुम्हाला जड वाटेल, म्हणून एवढंच कळवते. फ्लोअर फुल आहे. काकी आली.