घरात ठेवण्याजोगं मायनिंग मशीन

दुरुस्तीला आलेलं यंत्र दुकानातून परत जातं, पण त्याच्याबरोबर आलेली हकीकत परत जात नाही. गिऱ्हाईक ती काउंटरवर टाकतं आणि मोकळं होतं. आमच्याकडे अशा इतक्या जमल्यात, की कुणी नवीन माणूस चहाला बसलं की रफिकभाई आधी मलाच विचारतात, "ताई, कुठली सांगू? आवाजाची की कूलरची?"

मी श्रीलता. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका बोळात, साड्यांच्या दुकानावर, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रफिकभाईंचं चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याचं वर्कशॉप. विजेच्या पॅनेलचे डबे बनवतात. आमची गाठ पडली ती मायनिंग मशीनमुळं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं असं हे यंत्र सतत गणितं करत बसतं, आणि त्या गणितांच्या बदल्यात मालकाला क्रिप्टोची नाणी मिळतात. मिळाली तर. माझं भांडण त्या नाण्यांशी नाही. ज्यानं कुणी हे यंत्र बनवून वर 'होम मॉडेल' असं छापलं, त्याच्याशी आहे. त्या माणसानं घर पाहिलेलं नाही.

*

पहिलं मशीन आणलं देशमाने बाईंनी. निवृत्त शिक्षिका, गळ्यात चष्म्याची दोरी. मुलगा पुण्यात. त्यानं हौसेनं मशीन घेतलं, पण त्याच्या सोसायटीनं आवाजावरून नोटीस दिली. मग त्यानं ते गाडीत घालून सोलापूरला आई-वडिलांच्या हॉलमध्ये आणून ठेवलं. इथं कोण नोटीस देणार?

मी मशीन दुकानात चालू केलं तर खालचा साडीवाला वर बघायला आला. चार मिक्सर एकदम लावावेत तसा आवाज. बाईंनी तो अडीच महिने ऐकला होता. तक्रार मात्र आवाजाची नव्हती. मशीन आपोआप बंद पडतं, एवढंच त्या सांगत होत्या. मीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या की घरात तसंही कुणी बोलत नाही. सरांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांच्याशी बोलणं टाकलंय. का, ते सांगत नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मशीन दुरुस्तीला आठवडाभर आमच्याकडे राहिलं. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. सरांच्या कानाला यंत्र आहे. मायनिंग मशीनचा आवाज त्यातून इतका मोठा व्हायचा, की त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं होतं. मुलाला वाईट वाटेल म्हणून कुणाला सांगितलं नाही. हॉल शांत झाला, तसं त्यांनी ते परत कानात घातलं.

"ते माझ्यावर रागावले नव्हते हो," बाई म्हणाल्या. "त्यांना मी ऐकूच येत नव्हते."

मशीन न्यायला मुलगा आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग बाबांनी बोलायचं ना." घरातलं मशीन कसं असावं ते लिहायला मी त्याच दिवशी दुकानात एक पुठ्ठा टांगला आणि त्यावर पहिली ओळ लिहिली: शेजारी बसून हळू बोललेलं ऐकू आलं पाहिजे.

*

कूलरची गोष्ट मोहोळची. मे महिना. एका गृहस्थाचा फोन आला की मशीनवर गंज चढलाय. दीड वर्षाच्या यंत्राला गंज कसा, हे मला कळेना. रफिकभाईंना मोहोळला पॅनेल पोचवायचंच होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो.

घरात दोन खोल्या. आतल्या खोलीत कूलर. कूलरच्या बरोबर तोंडासमोर स्टुलावर मशीन. कूलरची ओली हवा रात्रंदिवस त्याच्यावर. गंज चढणार नाही तर काय होणार? आणि बाहेर पत्र्याच्या शेडखाली एका खाटेवर त्यांची आई. डोक्यावर ओला टॉवेल, वारा घ्यायला हातात वहीचा पुठ्ठा.

रफिकभाईंनी विचारलं, आजी नेहमी इथंच झोपतात का.

"आधी आत हुती की," गृहस्थ म्हणाले. "पर मशीनला लई गरम होतंय. ते बंद पडतंय मग. आईला काय, सवय हाय."

रफिकभाई आवाज चढवत नाहीत. त्यांनी टूलकिट उघडलंच नाही, ते खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि खाट एका बाजूनं उचलली. आजी घाबरून उठून बसल्या. भाई म्हणाले, "आजी, बसा तशाच. आत जायचंय." दुसरी बाजू त्या गृहस्थांना धरावीच लागली. खाट कूलरसमोर गेली, मशीन शेडखाली आलं. मग भाई म्हणाले, "आता हे इथं चालवून दाखवा. चाललं, तर मी दुरुस्त करतो."

दहा मिनिटांत ते बंद पडलं. आम्ही चहा न घेता निघालो.  वाटेत भाई म्हणाले, "ताई, जे मशीन माणसाची जागा मागतं, ते घरात कसं ठेवायचं?" पुठ्ठ्यावर दुसरी ओळ आली.

*

तिसरी गोष्ट घरचीच. माझे मामा. त्यांच्या घरात पुढं राहणं, मागं टॉवेलचे सहा माग. आमच्या पद्मशाली विणकरांच्या घरांत असंच असतं. मामांनी मशीन मागांच्या खोलीत ठेवलं, कारण तिथं आवाज आधीच आहे. हिशोब बरोबर होता, पण सुताचा बारीक कापूस हवेत उडत असतो. तीन आठवड्यांत पंख्यातून धूर. मी जाळी उघडली तर आतून कापसाची गादीच निघाली, घडी घालता येईल अशी.

मी मशीन साफ करून परत दिलं आणि कंपनीला ईमेल केला. असं विचारलं की धूळ अडवायला जाळीवर धुता येईल असं कापड का दिलं नाही. उत्तर आलं, इंग्रजीत, एका वाक्याचं: यंत्र 'क्लीन रूम'मध्ये ठेवावं.

म्हणजे औषधाच्या कारखान्यात असते तशी गाळलेल्या हवेची खोली. ती 'होम'मध्ये कुठून आणायची? सोलापुरात बिनधुळीचं घर दाखवा, मी तिथं स्वतः राहायला जाते. रागाच्या भरात मी तो ईमेल तसाच मामांना पाठवून दिला. नुसता बघायला.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. मशीन चालूच होत नाही म्हणाले. "मी सांगितल्याप्रमाणं केलं की श्रीलता. रूम क्लीन केली. दोनदा. पाण्याचा पाईप लावून."

मशीन जमिनीवरच होतं.

*

पुढची मला सांगायला आवडत नाही, पण ती गाळली तर पुठ्ठ्यावरची सगळ्यात ठळक ओळ कुठून आली ते कळणार नाही.

विजापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये नवरा, बायको आणि सासूबाई. नवरा कामानं महिन्यातले पंधरा दिवस हैदराबादला. या मशीनला बटणच नसतं. वायर लावली की चालू, वायर काढली की बंद. ह्यांनी तर इलेक्ट्रिशियनकडून वायरही मेन लाईनला थेट जोडून घेतलेली, म्हणजे कुणी चुकून काढायला नको. जाताना बायकोला बजावलं की हात लावायचा नाही, नुकसान होईल.

एका दुपारी जळका वास आला. बाईंनी नवऱ्याला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. वास वाढला. घरात त्यांना बंद करता येण्यासारखं एकच होतं, मेन स्विच. त्यांनी तो खाली ओढला, सासूबाईंना घेऊन शेजाऱ्यांकडे जाऊन बसल्या आणि नवरा परत येईपर्यंत तो वर करायचं धाडस त्यांना झालं नाही. दीड दिवस. बाहेर त्रेचाळीस डिग्री. फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन होतं, हे त्यांच्या लक्षात आलं ते फार उशिरा, तोवर त्यांनी तेच टोचलं होतं. औषध गरमीनं गेलेलं. सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचल्या, पण आठवडा गेला.

नवरा मशीन घेऊन आला तेव्हा हे सगळं त्यानंच सांगितलं. सांगून वर म्हणाला, "आमच्या मिसेसना टेक्निकल काही कळत नाही."

रफिकभाई दुकानातच होते. ते माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, म्हणजे सोडून द्या. मी सोडलं नाही.

"त्यांना एक बटण कळत होतं," मी म्हटलं. "घरात तुम्ही तेवढंच ठेवलं होतं."

त्यानं मशीन उचललं आणि दुसऱ्या दुकानात नेलं. बरंच झालं. पुठ्ठ्यावर मी ठळक लिहिलं: बंद करायचं बटण घरातल्या कुणाच्याही हाताला लागलं पाहिजे.

*

मग एकदा एका कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. तिशी-पस्तिशीचा, शर्टावर कंपनीचं चिन्ह, हातात लॅपटॉप. तुम्ही ही मशीन्स दुरुस्त करता असं ऐकलं, आमचं नवीन होम मॉडेल विकायला ठेवाल का, म्हणून. डिझाईनच्या टीममध्ये मीही होतो, असं त्यानं अभिमानानं सांगितलं.

लॅपटॉपवर मशीन फिरत होतं. काचेची बाजू. आत रंगीत दिवे, मोबाईलवरून रंग बदलणारे. एक कोटी साठ लाख रंग म्हणाला. मी आवाजाचं विचारलं, तो म्हणाला पंखेसुद्धा रंगीत आहेत. मी धुळीचं विचारलं, तो म्हणाला काच पुसता येते. रफिकभाईंनी विचारलं, बंद करायचं बटण कुठं आहे. तो म्हणाला, ॲपमध्ये. इंटरनेट गेलं तर? तो म्हणाला की हा पॉइंट चांगला आहे, मी नोट करतो.

मी त्याला चहा दिला. माणूस वाईट नव्हता. विचारलं, तुमच्याकडे हेच चालतं का, घरी?

"नाही नाही, घरी नाही," तो म्हणाला. "आईला आवाज सहन होत नाही."

त्यालाही आपण काय बोललो ते कळलं असावं. चहा अर्धा ठेवून गेला.

*

त्यानंतर आम्हीच एक मशीन बनवायला घेतलं. आतली गणितं करणारी सर्किटची पाटी बाजारातलीच, बाकी सगळं आमचं. रफिकभाईंनी जाड पत्र्याचा दुहेरी डबा केला, आतून आवाज गिळणाऱ्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर. लहान किंचाळणाऱ्या पंख्यांऐवजी दोन मोठे, सावकाश फिरणारे. मामांच्या मागावरच्या कापडाची जाळी, नळाखाली धुऊन परत लावता येणारी. खाली चार इंचाचे पाय. हवा तापली की ते आपला वेग आपणच कमी करणार, कूलर मागणार नाही. आणि दर्शनी बाजूला, मुठीत मावेल एवढं लाल बटण. त्यावर मराठीत 'चालू' आणि 'बंद'. ॲप नाही, रंगीत दिवे नाहीत. आठ महिने गेले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात चांगलं काम.

विकण्याआधी खऱ्या घरात चालवून बघायचं ठरलं. रफिकभाईंच्याच घरी, बाहेरच्या खोलीत, दिवाणाशेजारी ठेवलं. घरात भाई आणि शमीमभाभी. भाभी आधी हॉटेलांना पोळ्या करून द्यायच्या, आता दिवसभर शिवणाचं काम करतात. त्यांनी डब्यावर हात ठेवून बघितला, कान लावला, आणि बरं आहे म्हणाल्या.

पहिल्या आठवड्याची नोंद मी उघडली. रोज दुपारी दोनच्या सुमारास मशीन बंद, चारच्या आसपास परत चालू. सातही दिवस.

वीज जात नव्हती, ते तपासलं. मी पॉवर सप्लाय बदलला. तरी तेच. मी म्हटलं, बटणाचे संपर्क उन्हानं सैल होत असतील. भाई म्हणाले, पत्रा आणि बटण माझ्या हातचं आहे, ते सैल होत नाही, तुमच्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. भाईंनी वायरिंग उचकटून नव्यानं केलं. तरी दोन वाजता बंद. तिसऱ्या आठवड्यात आमची जोराची जुंपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाई माझ्या दुकानातून चहा न पिता गेले, आणि चार दिवस आम्ही मोबाईलवर नुसतं 'ओके' पाठवत राहिलो. आठ महिन्यांचं काम भंगारात घालायचं, असं मी मनाशी ठरवत आले होते.

पाचव्या दिवशी मी न सांगता दुपारी त्यांच्या घरी गेले. भाईही जेवून तिथंच बसले होते, घड्याळाकडे बघत. मी शेजारी बसले.

दोनला पाच कमी असताना भाभींनी शिवण बाजूला ठेवलं. आमच्यासाठी पाणी आणून ठेवलं. मग दिवाणाकडे गेल्या, जाता जाता बटण फिरवलं, आणि उशी सारखी करून आडव्या झाल्या.

घरातल्या बाईला विचारून बघावं, हे तीन आठवड्यांत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. भाईंचा चेहरा मला बघवेना. शेवटी त्यांनीच विचारलं, कशाला बंद करतेस, आवाज होतो का?

"आवाज कुठं हाय त्याला," भाभी डोळे मिटूनच म्हणाल्या.

मग?

"ते काम करत बसायचं अन् मी शेजारी झोपायची? त्याला बी पडू दे की जरा."