साहेबांच्या गावचं स्मारक

ऑफिसचे किस्से घरात साठतात ते कुवेतच्या वाळूसारखे. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडे उरतातच! मी काही कधी त्या ऑफिसात पाऊल टाकलं नाही. पण आमचे हे तेल कंपनीत ड्राफ्ट्समन, आणि जेवताना बोलायची सवय. एकोणीसशे साठच्या आसपासच्या या गोष्टी.

*

रत्नागिरीकडचे कासमभाई नकाशांच्या निळ्या प्रती काढायचे. एकदा ओल्या प्रती वाळत घातल्या आणि धुळीचं वादळ उठलं. यांचे इंग्रज साहेब कडाडले, "पाइपलाइनवर हे ठिपके कसले?"

कासमभाई शांतपणे म्हणाले, "साब, साइट की ही रेत है. नक्शा और असली हो गया!"

*

हेच साहेब एकदा यांच्या टेबलापाशी येऊन घुटमळले. त्यांचा थोरला भाऊ महायुद्धात ब्रह्मदेशात मारला गेला होता. देहसुद्धा मिळाला नाही. गावच्या चर्चच्या अंगणात अशा मुलांचं स्मारक व्हायचं होतं. पण म्हातारी आई येईल ते डिझाइन परत पाठवायची. म्हणायची, "आता तरी माझ्या मुलाच्या हातात बंदूक देऊ नका!"

"सावंत, तू काढ काहीतरी साधं," साहेब म्हणाले. "फुलं लावायला जागा हवी. मेणबत्ती विझू नये एवढा आडोसा हवा. आई फार थकलीय. तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं."

*

यांनी चार दिवस खपून काढलं. एक प्रत मला दाखवायला घरी आणली. चौकोनी जोतं, त्यावर खांब, खांबात कोनाडा, वर फुलांसाठी माती.

"अहो, हे तर तुळशीवृंदावन!"

यांचा घास हातातच राहिला. "साहेबांनी सकाळीच पोस्टात टाकलं गं!"

पुढे कितीतरी दिवस यांना जेवण गोड लागेना. नोकरी गेलीच म्हणायचे. कासमभाईंनी विचारलं, "क्रॉस काढलास ना?"

"काढलाय, कोनाड्याच्या वर."

"मग झालं! विलायतेत तुळस कोण ओळखतंय?"

*

शेवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा गंभीर.

"नावं चारी बाजूंना का?"

"सर, एकाच बाजूला लिहिली तर कुणाचं तरी नाव अगदी खाली जातं. त्याच्या आईला काय वाटेल?"

साहेबांनी आईचं पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "आईने पास केलं."

त्या दिवशी यांनी आमटी मागून मागून घेतली. मलाच उरली नाही!

*

पुढच्या वर्षी साहेब रजेवरून फोटो घेऊन आले. मागे चर्च, भोवती ओलं हिरवं गवत, मध्ये आमचं वृंदावन. वर पिवळी फुलं, कोनाड्यात मेणबत्ती.

"सगळं तू काढलंस तसंच आहे," साहेब म्हणाले. "फक्त हे सोडून."

त्यांनी बोट ठेवलं. दगडाभोवतीचं गवत झिजून गोल पायवाट पडली होती.

"आई रोज संध्याकाळी जाते. भावाचं नाव तर समोरच आहे. तरी ती भोवती फिरत राहते. सावंत, तू ड्रॉइंगबरोबर काही लिहून पाठवलं होतंस का?"

"नाही सर," हे म्हणाले. "मी फक्त दगड काढला होता."