प्लास्टिकमधले आजोबा

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मी लॅमिनेट केला. झेरॉक्स नव्हे, मूळ दाखला.

नोकरीतून निवृत्त झालो आणि घरातल्या कागदांना शिस्त लावायची मला हुक्की आली. आमच्या घरी कागद कुठेही सापडायचे. घरपट्टीची पावती देव्हाऱ्याच्या खणात, गॅसचं पुस्तक पिठाच्या डब्यामागे, आणि जुनंपानं सगळं आईच्या ट्रंकेत, तिच्या लुगड्यांखाली. आई गेल्यावर ती ट्रंक कुणी नीट आवरलीही नव्हती. मी पनवेलच्या बाजारातून रंगीत फायली आणल्या, लेबलं आणली आणि ऑनलाइन एक लॅमिनेशनचं मशीन मागवलं.

मशीन आलं आणि माझं डोकं फिरलं. मऊ पडलेला कागद एका बाजूने आत सारायचा, दुसऱ्या बाजूने तो ताठ, चकचकीत, गरमागरम बाहेर येतो. पापड भाजल्यासारखं समाधान मिळतं. रेशनकार्ड झालं, मुलीचं लसीकरणाचं कार्ड झालं, मग भरायचं राहिलेलं विजेचं बिलही झालं. फ्रिजची पावती आत घातली ती काळीकुट्ट होऊन बाहेर आली. तेव्हा तरी थांबायला हवं होतं. पण पावतीचा कागदच हलका असणार, असं मी ठरवून टाकलं. बायको म्हणाली, आता मलाही घाला त्यात, निदान सुरकुत्या तरी आहेत तेवढ्यावर थांबतील.

आजोबांचा दाखला ट्रंकेच्या तळाशी होता. चार घड्या घातलेला, घड्यांवर फाटत आलेला, पिवळा. आजोबा चौथीपर्यंत शिकले आणि मिठागरावर लागले. त्यांचं शिक्षण झाल्याची ही एवढीच खूण. त्यावर काळ्या शाईत त्यांचं नाव आणि जात, हिंदू आगरी, आणि खाली शाळेचा जांभळा शिक्का. सगळ्यात प्रेमाने मी तो लॅमिनेट केला.

त्याच वर्षी आमच्या मुलीला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली. गल्लीतली लंगडी कुत्री उचलून घरी आणणारी पोर ती, तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. जागा राखीव होती. म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आत जात पडताळणीचं प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. पडताळणीला जुना पुरावा लागतो, आणि आमच्याकडे तो एकच होता. आजोबांची शाळा केव्हाच बंद पडली होती आणि तिचं दफ्तर वाळवीने खाल्लं होतं.

पडताळणीच्या कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी दाखला हातात घेतला, उजेडात धरला, जरा वाकवून पाहिला. शाई तपासता येत नाही, शिक्का तपासता येत नाही, असा चालणार नाही, म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं,

"काका, हे कुणी केलं?"

"दुकानदाराने," मी म्हणालो.

शेजारी मुलगी उभी होती. ती जमिनीकडे बघत राहिली.

बाई चांगल्या होत्या. वाट त्यांनीच दाखवली. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची पडताळणी झाली असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि त्याच्या घरच्या मोठ्या माणसाचं शपथपत्र आणा, काम पुष्कळ सोपं होईल. मुलगी लगेच म्हणाली, "काकांच्या मुलाची झालीये."

काका म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. झालीच होती त्याच्या मुलाची, आणि ह्याच दाखल्यावर झाली होती. दोन वर्षांपूर्वी तो दाखला मागायला आला तेव्हा सामाईक प्लॉटच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटत आलेलं. मी दाखला दिला. पण आधी एका कागदावर 'मूळ दाखला मिळाला, परत करीन' असं लिहून त्याची सही घेतली. तो परत द्यायला आला तेव्हा त्याच्यासमोर दाखल्याच्या चारही कडा तपासल्या. त्यानंतर तो आमच्या दारात आला नाही.

बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटलं, बघतो मी.

बघायला सुरुवात केली ती प्लास्टिक काढण्यापासून. आधी हेअर ड्रायर मारून पाहिला. मग कुणीतरी सांगितलं की थंडीने सुटतं, म्हणून आजोबांना फ्रीझरमध्ये बोंबलांशेजारी ठेवलं. शेवटी वर फडकं घालून इस्त्री फिरवली. प्लास्टिक सुटलं, आणि त्याच्याबरोबर आजोबाही सुटले. हातात एक पांढुरका पापुद्रा राहिला आणि प्लास्टिकवर उलटी उमटलेली जात. ते दोन्ही घेऊन मी पुन्हा खिडकीवर गेलो. बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवलं.

मग मी एका वकिलाला भेटलो. आजोबांच्या शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांचा पत्ता काढला, ते वारले होते. वाळवीने खाल्लेलं दफ्तर स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो. मुलगी रोज विचारायची, काकांकडे कधी जायचं. मी रोज उद्या म्हणायचो. एक दिवस ती स्वतःच चपला घालून निघाली. मी तिला दारातून मागे वळवलं. मोठ्यांच्या मधे पडू नकोस, म्हटलं.

तारीख तोंडावर आली तेव्हा गेलो. भाऊ घरासमोर टेम्पो धूत होता. त्याने पाइप बंद केला नाही.

"ऐकला मी, घरात फॅक्टरी टाकलीस म्हणून."

मी हसलो. दुसरं काय करणार. त्याने आत चहा सांगितला, मुलाचं प्रमाणपत्र आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "शपथपत्रावर सही कुठं करू सांग. का आदी तू लिवून देतोस, परत करीन म्हणून?"

लिहून मात्र त्याने काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी नोटरीकडे येऊन बसला होता. कागद त्याच दिवशी दाखल झाले.

प्रमाणपत्र आलं. पण ते आलं तेव्हा तारीख उलटून गेली होती आणि जागा दुसऱ्या कुणाची झाली होती. मुलगी आता इथल्याच कॉलेजात बीएस्सी करते. कुत्री आणणं तिने बंद केलं.

मी मात्र हा किस्सा सांगतो. चांगला रंगतो. परवा त्याच पुतण्याची हळद होती, भावाच्या घरी. दोन्ही घरं पुन्हा जाऊ-येऊ लागलीत, तेवढं तरी झालं. अंगणात पाहुण्यांच्या घोळक्यात मी बसलो होतो. मशीन सांगितलं, बोंबील सांगितले, इस्त्री सांगितली. एकाला हसता हसता ठसका लागला. मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होती. त्याला पाणी देऊन ती माझ्यासमोर थांबली.

"पप्पा, माझी सीट इस्त्रीने नाही गेली. आपल्या घरून इथे यायला स्कूटरवर दहा मिनिटं लागतात, तुम्हाला महिना लागला. ते पण सांगत जा."