तांबड्या तारेचा दोरा

तांबडं आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही. कधीच दिसलं नाही. आणि धंदा कुठला धरला, तर शिरूरला रेडिओ दुरुस्तीचा! कुणी ऐकलं असतं तर दुकानाची पायरी चढलं नसतं, म्हणून मी ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. उलट तिच्या डोहाळजेवणाचं हिरवं लुगडं मी स्वतः निवडून आणलं, दुकानदाराला तोंडानं विचारलंही नाही, एवढा मी हुशार.

पुढं धरणाचं काम निघालं आणि साहेब लोकांच्या जीपमध्ये बोलायचे वायरलेस सेट बसले. सेट दणकट, पण माईकच्या वायरीचे हाल कुत्रा खाईना. ड्रायव्हर ती ओढायचे, जीपच्या दारात चेमटायचे. एका पठ्ठ्यानं तर तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता. असा संताप यायचा! वायर आतून तुटली की माझ्याकडं. तिच्यात तारा चार: काळी, पांढरी, तांबडी, हिरवी. विजेला रंगाशी काही देणंघेणं नसतं. कुठलं टोक कुठं निघतं हे मी बॅटरी आणि बल्ब लावून बरोबर काढायचो. पण ऑफिसचा नियम होता, तांबडी बटणाला आणि हिरवी आवाजाला. कुणीही माईक उघडला तरी एका नजरेत कळलं पाहिजे. त्या एका नजरेचीच तर माझ्याकडं बोंब होती.

मग मी घरात हाक मारायचो, "अगं, डोळ्यात धूर गेलाय. यातली तांबडी कुठली, बघ जरा." ती पिठाचे हात पुसत यायची, तार दाखवायची आणि तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून जायची. "काय ही नसती टापटीप!" म्हणून मी खेकसायचो. ती आपली हसायची. दिवस मजेत चालले होते.

अशात दौंडहून निरोप आला. तिथल्या धरणाच्या ऑफिसच्या आवारातल्या सगळ्या जीपांचं काम एकाच मिस्त्रीला द्यायचं होतं, पण नव्या साहेबांना आधी डोळ्यांदेखत एक माईक करून हवा होता. घरात पोर रांगायला लागलं होतं, काम हातचं घालवून चालणार नव्हतं. सकाळी निघताना बायकोनं नव्या वायरीची गुंडाळी फडक्यात बांधून पिशवीत ठेवली. एसटीत बसल्यावर मी ठरवलं, तिथं एखाद्या ड्रायव्हरला गप्पांच्या ओघात रंग विचारायचा.

कसलं काय! साहेबांनी ड्रायव्हरला पिटाळलं चहा आणायला आणि स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"करा सुरू, मिस्त्री."

मी मुद्दाम सावकाश माईक उघडला, सावकाश जुनी वायर सोडवली. मनात म्हणालो, संपलं. तांबडी विचारावी तर बिंग फुटणार, न विचारावी तर उलटी जोडून फजिती होणार. शेवटी फडकं सोडलं, गुंडाळी उलगडली, आणि बघतो तो काय, एका तारेच्या दोन्ही टोकांना पांढरा दोरा बांधलेला! मला इतकं हलकं वाटलं की साहेबांसमोर हसूच फुटायचं बाकी होतं.

मग हात असे चालले म्हणता! काळी-पांढरी आपापल्या जागी, दोऱ्याची तार बटणाला, उरलेली आवाजाला. साहेबांनी वाकून आत पाहिलं, मान हलवली, माईक जीपला लावला आणि बटण दाबून शिरूरच्या ऑफिसला हाक दिली. पलीकडून खणखणीत उत्तर आलं. काम मला मिळालं.

घरी आलो तर ती भाकरी थापत होती. काम मिळाल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, "आज तर मी तुला हाकसुद्धा मारली नव्हती. दोरा कशाला बांधलास?"

"तिथं तुमच्या डोळ्यात धूर गेला म्हंजी?" ती म्हणाली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "अहो, डोहाळजेवणाला तुम्ही तांबडंभडक लुगडं घेऊन आलात, आन् वर म्हणालात, बघ कसं हिरवंगार हाय. तवाच कळलं मला."

"मग तू नेसलीस ते..."

"तेच की. बायांना सांगितलं, मलाच तांबड्याचे डोहाळे लागलेत."

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना मला!"

"सांगून काय लुगडं हिरवं झालं असतं व्हय? बसा, जेवून घ्या."