बापूंचा माईक

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर आम्ही चार रिटायर पैलवान दूध प्यायला बसलो की बापूंचा विषय निघतोच. बापूंना जाऊन वर्ष झालं, त्यांचे किस्से मात्र वाढतच चाललेत. निम्मे सगळ्यांनी पाहिलेत. उरलेले मी पाहिलेत, म्हणजे तेही खरेच!

इस्लामपूरच्या आसपास कुठल्याही यात्रेत कुस्त्यांचं मैदान असलं की माईकवर बापूच. पैलवानाचं गाव, वस्ताद, आवडता डाव, सगळं तोंडपाठ.

फलटणला माझ्या लग्नात त्यांनी भटजींच्या हातातला माईक कधी काढून घेतला ते कळलंच नाही. "नवरदेव, वजन भरपूर, दम कमी. नवरी फलटणची, अंगानं बारीक, पण नजर बघा. जोड लय तोलाची लागलीय मंडळी, ही कुस्ती जल्मभर चालणार." सासरे कावरेबावरे झाले. बायको अंतरपाटाआड हसत होती. तिच्या मते निकाल पहिल्याच आठवड्यात लागला.

घरी मात्र हा माणूस मुका. बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, भाजी कुठली करू विचारलं तरी नुसती मान हलवणार. शेवटी काकी त्यांच्या तोंडासमोर लाटणं धरायच्या. "आवं, आता तरी बोला." मग बापू घसा खाकरून कृष्णाकाठच्या वांग्याचा सगळा इतिहास सांगायचे.

एकदा उसाच्या बांधावरून दोन सख्खे भाऊ खोरी घेऊन समोरासमोर आले. मधे पडायची कुणाची छाती होईना. बापू रिकाम्या ट्रॉलीवर चढले. "थोरल्याचा पवित्रा बघा. गुडघा दुखतोय, म्हणून उजवा पाय मागं. धाकट्यानं सकाळपास्नं काय खाल्लेलं न्हाई." आधी थोरला हसला. नंतर त्यानंच धाकट्याला जेवायला घरी नेलं.

पण बापूंचा एक नियम होता. पाठ जमिनीला लागल्याशिवाय माईकवरून निकाल नाही. एका मैदानात सरपंचांचा भाचा लढत होता. पंचांनी त्याचा हात वर केला, फेटे उडाले, हलगी कडाडली. बापू शांतपणे म्हणाले, "पाठ लागली न्हाई अजून." सरपंच लालबुंद झाले. कुस्ती पुन्हा लावली, आणि भाच्यानंच समोरच्याला चितपट केलं!

"मग मगाशीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" सरपंचांनी विचारलं.

"मगाशी लागली नव्हती," बापू म्हणाले.

पुढं त्यांच्या घशात गाठ निघाली. सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आवाज गेला, माईक विसरा. नुसती कुजबुज तेवढी उरली. बापू मैदानांना जायचेच बंद झाले. आम्हाला फार वाईट वाटायचं.

गावच्या यात्रेत कमिटीनं त्यांचा निरोपाचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. नवा निवेदकही बोलावून ठेवला होता. अध्यक्ष म्हणाले, "बापूंची कारकीर्द आज संपतेय. यापुढं हा आवाज मैदानात ऐकू येणार नाही." काकी पदरानं डोळे पुसत होत्या.

बापूंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि माईकसाठी हात पुढं केला. हलगीवाल्यानं हलगी काखेत दाबली. भेळवाल्यानं घंटी मुठीत धरली. पंचांनी आखाड्यात उतरणारी जोडसुद्धा कडेला थांबवली. आमचं मैदान आयुष्यात कधी गप्प बसलेलं नाही, ते त्या दिवशी बसलं.

बापूंनी माईक अगदी ओठाला लावला. ती कुजबुज पार शेवटच्या झाडावर बसलेल्या पोरांपर्यंत गेली.

"पाठ लागली न्हाई अजून. हं, लावा पुढची जोड."